रोलिह्लाह्ला ते नेल्सन : एका आत्मचरित्राची पहिली पाने

थोरांच्या आत्मचरित्रांत बालपणाचे प्रकरण बहुधा सर्वांत कच्चे असते. लेखक पुढच्या थोरवीची बीजे थेट पाळण्यात शोधू लागतो. नेल्सन मंडेला यांचे १९९४ साली प्रसिद्ध झालेले ‘लाँग वॉक टू फ्रीडम’ हा मोह टाळते, म्हणून त्याची पहिली पाने मला मोलाची वाटतात.

जन्म १९१८ चा. वडिलांनी ठेवलेले नाव रोलिह्लाह्ला. म्हणजे झाडाची फांदी ओढणारा, बोलीत खोडकर. कुनू गावच्या शाळेत पहिल्याच दिवशी मडिंगाने बाईंनी ‘नेल्सन’ हे इंग्रजी नाव दिले. शाळेसाठी वडिलांनी स्वतःची विजार गुडघ्यापाशी कापून मुलाला चढवली, कमरेला दोरी बांधली. त्या विजारीचा केवढा अभिमान वाटला, हे मंडेला मोकळेपणाने सांगतात. वर्षानुवर्षे हजेरीपटावर मुलांची नावे लिहिणारा मी इथे थबकलो. घरचे नाव उंबऱ्याबाहेर ठेवून मूल शाळेत शिरते आणि तरी खुशीत असते! ही विसंगती लेखकाने तशीच राहू दिली आहे.

हील्डटाऊनच्या मिशनरी शाळेतील प्रसंग हा या भागाचा कळस. तिथे मुलांपुढे आदर्श इंग्रजी रीतीरिवाजांचा. एके दिवशी खोसा कवी मखायी बिबट्याचे कातडे पांघरून, हाती भाले घेऊन व्यासपीठावर येतात आणि गोऱ्या प्राचार्यांसमक्ष आफ्रिकेच्या विजयाचे भाकीत करतात. मुले भारावतात. पुढे कवी साऱ्या आफ्रिकेवरून केवळ खोसांच्या गौरवावर उतरतात, तेव्हा नेल्सन गोंधळतो. तरी बाहेर पडतो तो खोसा म्हणूनच ताठ मानेने. पुढे सर्व वंशांचा नेता झालेला लेखक ही मर्यादा झाकत नाही.

एक उणीव मात्र खटकते. वडील, थेंबूंचे राजप्रतिनिधी जोंगिन्ताबा, इतिहास सांगणारे वृद्ध यांची चित्रे ठसठशीत उतरली आहेत. पतीच्या निधनानंतर मुलाला जोंगिन्ताबांच्या स्वाधीन करून परतणारी आई मात्र पुसटच राहते. तिचे मन आपल्याला कळत नाही.

घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा मुलखात आपण राहतो. आपल्या भाषेचा कवी ऐकून ऊर भरून येणे आपल्याला नवे नाही. त्या आनंदात शेजाऱ्याला जागा आहे की नाही, हा प्रश्न मंडेलांना कोवळ्या वयातच पडला. आपल्या दहावीतल्या मुलांच्या हाती ही पाने अवश्य द्यावीत.