वनस्पतिजन्य खाद्यपूरके आणि ब्रॉयलर व्यवसायातील नफा : एका हिशेबाची चिकित्सा

हळद, लसूण, ओवा, तुळस यांचा ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातील वापर हा पशुविज्ञान शाखेतील संशोधनाचा आवडता विषय आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांवर बंदी घातली; भारतात २०१९ मध्ये कोलिस्टिनचा पशुखाद्यातील वापर प्रतिबंधित झाला. त्यामुळे पर्यायांचा शोध आवश्यकच आहे. आक्षेप आहे तो अशा निबंधांच्या अखेरीस येणाऱ्या ‘आर्थिक विश्लेषणा’च्या तक्त्यावर.

या तक्त्याची रीत बहुधा ठरलेली असते. विक्रीमूल्यातून पिल्लू व खाद्य यांचा खर्च वजा करायचा आणि उरेल तो शेतकऱ्याचा नफा म्हणायचा. उदाहरणादाखल २.२ किलोचा पक्षी ३.५ किलो खाद्य खातो असे धरू. त्यात ०.५ टक्के हळद म्हणजे १७.५ ग्रॅम. हळदीचा भाव किलोला १६० रुपये धरल्यास पक्ष्यामागे २ रुपये ८० पैसे खर्च वाढतो. खाद्य ४० रुपये किलो असेल, तर तो भरून येण्यास ७० ग्रॅम खाद्य वाचले पाहिजे. दोन टक्क्यांचा हा फरक मोजक्या पिल्लांवरील प्रयोगात खात्रीने दाखवणे कठीण. शिवाय हळदीतील कर्क्युमिन वाणागणिक बदलते. नुसत्या ‘हळद पावडर’ या उल्लेखावरून मात्रा कळत नाही.

मूळ प्रश्न मात्र नफा कोणाचा, हा आहे. महाराष्ट्रात बरेचसे ब्रॉयलर संगोपन करार पद्धतीने चालते. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरवते. शेड, वीज, पाणी, तूस आणि श्रम शेतकऱ्याचे. त्याला किलोमागे संगोपन शुल्क मिळते. खाद्य कमी लागल्यास प्रोत्साहनपर रक्कम मिळू शकते, परंतु तिचा मापदंड कंपनी ठरवते. पूरकामुळे सर्वच शेडमध्ये खाद्य वाचू लागले आणि मापदंडही तितकाच कडक झाला, तर शेतकऱ्याच्या हाती काय उरेल?

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या प्रबंधिकेत असाच तक्ता दिला होता. मौखिक परीक्षेत त्यावर कोणी हरकत घेतली नाही. ती घेतली एका करारदार शेतकऱ्याने : “सर, खाद्याची गोणी कंपनीची. हळद मी कशात मिसळू?”

स्वतःच खाद्य विकत घेऊन पक्षी विकणाऱ्या संगोपकास हा तक्ता काही प्रमाणात लागू पडतो. करारदारासाठी मात्र संगोपन शुल्क, मरतूक, वीज व तूस यांचा स्वतंत्र रकाना हवा, आणि शिफारस कोणाला उद्देशून आहे तेही लिहावयास हवे.