बंदुकीआधी सातबारा

वेस्टर्न सिनेमावर मराठीत गप्पा सुरू झाल्या की लिओनी आलाच. मग मोरिकोनेचं संगीत, ईस्टवुडच्या ओठातली चिरूट, डोळ्यांचे ते प्रचंड क्लोज-अप. गप्पा रंगल्याच तर 'अनफरगिव्हन'पर्यंत जातात. अलीकडे त्यात 'यलोस्टोन'ची भर पडली आहे. टेलर शेरिडनची ही मालिका २०१८ ते २०२४ अशी चालली आणि आपल्याकडच्या सिनेप्रेमींनी ती अक्षरशः डोक्यावर घेतली. मोंटानातला बडा जमीनदार जॉन डटन, त्याची पिढीजात जमीन आणि ती गिळायला टपलेले बिल्डर. 'जमीन विकायची नाही म्हणजे नाही, हे असं ठणकावून सांगता आलं पाहिजे,' असं एका जाणत्या रसिकानं मला मोठ्या तळमळीनं सांगितलं. आम्ही तेव्हा मुळशीच्या जलाशयाकाठी त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोर जे पाणी होतं त्याच्या तळाशी आंबेमोहोराची खाचरं आहेत. ती ज्यांनी कसली त्यांनीही शंभर वर्षांपूर्वी हेच ठणकावून सांगितलं होतं. डटनचं ऐकू येतं आणि यांचं येत नाही, हे मला फार लागलं. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सरळ आहे. वेस्टर्नचा खरा विषय जमीन आहे. ती कुणाची होती, कुणी घेतली, कुठल्या कागदावर घेतली आणि त्या कागदामागे बंदूक घेऊन कोण उभं होतं, हा. टोपी, घोडा आणि द्वंद्व त्या व्यवहाराच्या शेवटी येतात. आपण मात्र शेवटच पाहत बसलो.

हॉक्सचा 'रेड रिव्हर' (१९४८) आठवा. जॉन वेनचा डन्सन टेक्सासात पोचतो, नदीकाठची गवताळ जमीन पाहतो आणि ही माझी म्हणतो. दोन घोडेस्वार येतात. ही डॉन डिएगोची जमीन आहे, स्पेनच्या राजानं त्यांच्या घराण्याला दिलेली, असं सांगतात. डन्सन म्हणतो, म्हणजे तुमच्या मालकानंही ती आधीच्या कुणाकडून तरी हिसकावलीच ना. मग आता मी घेतो. एक गोळी सुटते, एक माणूस पडतो आणि गुरांवर डाग द्यायचं काम सुरू होतं. जेमतेम दोन-तीन मिनिटांचा प्रसंग. पुढचा सगळा सिनेमा या खुनावर उभा आहे. आपल्या रसिकांना त्यातली गुरांची दौड आठवते, वेन आणि क्लिफ्टची मारामारी आठवते. हा फेरफार कुणालाच आठवत नाही.

लिओनीचंही तेच झालं. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) सुरुवात मी कितीतरी लोकांकडून शॉटगणिक ऐकली आहे: ओस स्टेशन, तीन मारेकरी, एकाच्या चेहऱ्यावर माशी, दुसऱ्याच्या टोपीवर ठिबकणारं पाणी. सुरुवात अप्रतिम आहे, वाद नाही. पण सिनेमाची गोष्ट काय? मॅकबेन नावाच्या आयरिश माणसानं वाळवंटात फुकट वाटावी अशी जमीन घेतलेली असते, कारण तिथं पाणी आहे आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागणार हे त्यानं ताडलेलं असतं. रूळ तिथवर येईतो स्टेशन उभं राहिलं नाही तर हक्क जाणार, अशी करारात अट आहे. त्या एका अटीपायी अख्खं कुटुंब मारलं जातं. मागे राहिलेल्या विधवेला जमीन लिलावात काढावी लागते आणि भर लिलावात बोली लावायची कुणाची छाती होत नाही, कारण बोली लावणाऱ्यांच्या खांद्याशी ते कुटुंब मारणाऱ्या फ्रँकची माणसं उभी आहेत. नवीन रिंगरोडची आखणी आधी कुणाला कळते आणि त्या गटातली जमीन कुणाच्या नावावर होते, हे ज्यानं पुणे जिल्ह्यात पाहिलंय त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. लिओनीनं केवळ शैली दिली असं म्हणणारे त्याच्यावर अन्याय करतात.

फोर्डच्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मधलं (१९६२) पत्रकाराच्या तोंडचं दंतकथेविषयीचं वाक्य सगळ्यांना पाठ. त्या सिनेमातली निवडणूक कशासाठी आहे हे विचारलं की शांतता. एकीकडे कुरण मोकळंच राहावं म्हणणारे गुरांचे बडे मालक, दुसरीकडे राज्याचा दर्जा आणि कायदा मागणारे छोटे शेतकरी. व्हॅलन्स हा त्या मालकांचा भाडोत्री गुंड आहे. त्याला कुणी मारलं यापेक्षा त्याला पैसे कोण देत होतं, हे फोर्डनं जास्त काळजीपूर्वक दाखवलंय.

अलका टॉकीजमध्ये आणि कॅम्पातल्या थिएटरांत इंग्रजी सिनेमे पाहून जी पिढी मोठी झाली, तिच्यावर 'मॅकेनाज गोल्ड'चं गारूड होतं. ते बालपणाचं प्रेम आहे, तिथंच राहू द्यावं. 'शोले'बद्दल (१९७५) एवढंच म्हणतो की रामगढमध्ये जमिनीवरून कुणाचंच कुणाशी भांडण नाही, आणि अशी जागा भारतात शोधून सापडायची नाही. टॅरंटिनोचे दोन वेस्टर्न हे सिनेमांबद्दलचे सिनेमे आहेत. 'वेस्टवर्ल्ड'ला पहिल्या पर्वानंतर स्वतःचंच कोडं उलगडेना. कॉस्टनरचा 'होरायझन' पाहून आपण नेमकं काय पाहिलं, हे मला अजून सांगता येत नाही.

शेरिडनची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला विषय कळतो. 'हेल ऑर हाय वॉटर'ची (२०१६) पटकथा त्याचीच. पश्चिम टेक्सासातले दोन भाऊ बँकेच्या शाखा लुटतात. आईनं काढलेल्या कर्जात ज्या बँकेनं रँच गिळायला घेतलीय, तिच्याच शाखा. आणि लुटीच्या पैशातून तिचंच कर्ज फेडतात. एका हॉटेलातली वाढपी बाई भावानं ठेवलेली दोनशे डॉलरची टिप पोलिसांना पुरावा म्हणून द्यायला साफ नकार देते. घराचा हप्ता त्यातून जायचाय. सिनेमाचा गाभा मात्र एका संथ प्रसंगात आहे. गिल बर्मिंगहॅमनं साकारलेला कोमांची रेंजर अल्बर्टो रस्त्याकडेला बसून समोरच्या बँकेकडे पाहतो आणि आपल्या गोऱ्या वरिष्ठाला सांगतो की हा सगळा मुलूख माझ्या पूर्वजांचा होता. या लोकांच्या आजोबा-पणजोबांनी तो घेतला. आता तो यांच्याकडून घेतला जातोय आणि या वेळी फौज लागत नाही, ती समोरची बँक पुरते. गेल्या पंचवीस वर्षांतल्या वेस्टर्नमध्ये याहून स्पष्ट बोललेलं मला माहीत नाही.

त्याच बर्मिंगहॅमला शेरिडननं 'यलोस्टोन'मध्ये आदिवासींचा प्रमुख रेनवॉटर केलं आणि पाच पर्वं दाराबाहेर ताटकळत ठेवलं. पाच पर्वं आपण जॉन डटनच्या बाजूनं रडायचं. त्याच्या माणसांनी प्रेतं दरीत फेकली तरी तो बिचारा, कारण त्याची जमीन जातेय. तो गव्हर्नर होतो आणि सगळं सरकार एका रँचच्या राखणीला लावतो, तरी तो पीडित. शेवटच्या भागात, २०२४च्या डिसेंबरात, धाकटा मुलगा ती जमीन एकरी सव्वा डॉलरनं रेनवॉटरच्या लोकांना देऊन टाकतो. ही न्यायाची कल्पना चांगली आहे, पण ती पाच पर्वांच्या खुशामतीनंतर आली. प्रेक्षक तोवर डटनची टोपी घालून बसला होता. मालकाला पीडित म्हणून पेश करणं ही आजच्या पडद्यावरची सर्वात सोयीची खोटी गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे इतकी आवडावी याचं मला भय वाटतं.

याच्या समोर डेव्हिड मिल्चची 'डेडवुड' (२००४ ते २००६) ठेवून पाहा. १८६८च्या तहानं लाकोटांना दिलेल्या मुलखात सोन्यासाठी घुसलेल्यांची वस्ती. आपला एकही दावा कायदेशीर नाही हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. सगळी मालिका एकाच घोरात चालते: हा मुलूख सरकारात सामील होईल तेव्हा आपले कागद धरले जातील का? कुणाला किती चारायचे? आणि मग खाणमालक हर्स्ट येतो, एकेक दावा विकत घेतो, न देणाऱ्याला संपवतो. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'च्या (२०२३) सुरुवातीला लिली ग्लॅडस्टोनची मॉली एका टेबलासमोर बसते. स्वतःच्याच तेलाच्या पैशातले काही हातात मिळावेत म्हणून ती आपलं नाव सांगते, आपण 'असमर्थ' असल्याचं सांगते, जमीनवाटपातला आपला क्रमांक सांगते. समोरचा गोरा पालक तिला खर्चाचा हिशोब विचारतो. ग्लॅडस्टोन हा प्रसंग चेहऱ्यावरची रेघ न हलवता करते. पुढचे सगळे खून मला या टेबलावरच झालेले दिसतात. स्कॉर्सेसीचा हा सिनेमा लांबला अशी तक्रार मी पुण्यात पुष्कळ ऐकली. तक्रार करणाऱ्यांनी 'यलोस्टोन'ची पाच पर्वं पाहिली होती.

आता घराकडे. मराठीत वेस्टर्न नाही हे खोटं आहे. जब्बार पटेल आणि तेंडुलकरांचा 'सामना' हा पक्का वेस्टर्न आहे. अनोळखी माणूस गावात येतो, गाव एका धन्याच्या मुठीत असतं आणि पाहुणा एका नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारत राहतो. जॉन स्टर्जेसच्या 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक'मध्ये (१९५५) एकहाती स्पेन्सर ट्रेसी जपानी शेतकऱ्याबद्दल असंच विचारतो. त्या शेतकऱ्याला कोरडी म्हणून खपवलेली जमीन मिळाली होती, त्यानं विहीर खणली आणि पाणी लागलं. 'सामना'तल्या पाहुण्याकडे, लागूंच्या मास्तरकडे, घोडाही नाही आणि पिस्तूलही नाही, तरी निळू फुल्यांच्या धन्याला, हिंदुरावाला, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेच्या नावानं जो घाम फुटतो तो कुठल्याही द्वंद्वाइतका थरारक आहे. भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' (२०१५) तर कुरण आणि कुंपणाचीच गोष्ट. रघू कऱ्हेची जमीन वनखात्यात गेली, तो कोर्टात झगडतोय आणि तोवर मेंढरं घेऊन दुसऱ्यांच्या शिवारांतून फिरतोय. जिथं थांबेल तिथं कुणीतरी मालक उभा. शशांक शेंडे त्या म्हाताऱ्याच्या चालण्यातून त्याची सगळी केस सांगतात. हा सिनेमा वेस्टर्नच्या चर्चेत कुणी का घेत नाही?

घेतला जातो तो 'मुळशी पॅटर्न' (२०१८). प्रवीण तरडेंच्या या सिनेमाची पहिली चाल विलक्षण आहे. मोहन जोशींचा सखा पाटील जमीन विकतो, पैसा उडतो आणि काल जिथं मालक होता तिथं वॉचमन म्हणून उभा राहतो. इथं मराठी सिनेमानं नेमकी दुखरी नस पकडली होती. पण पुढे कॅमेरा कोयत्याच्या प्रेमात पडतो आणि जमीन मागे पडते. विसार कुणी दिला, कुलमुखत्यारपत्र कुणाच्या नावे झालं, बहिणींना कुठल्या सणाला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रांवर सह्या करून घेतल्या, एजंटानं किती खाल्ले, यातलं काही नाही. शेतकऱ्याच्या पोराच्या हातात शस्त्र दिलं की शहरी प्रेक्षक निश्चिंत होतो, कारण आता ही गुन्हेगारीची गोष्ट झाली आणि खरेदीदार त्यातून सुटला.

मुळशीत हा व्यवहार हिंजवडीपासून किंवा लवासापासून सुरू झाला असं मानणं म्हणजे गोष्ट मधूनच पाहणं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पन्नासएक गावं बुडणार होती. इथलं पाणी बोगद्यानं भिऱ्याला कोकणात सोडून मुंबईसाठी वीज करायची होती. 'जान किंवा जमीन' अशी घोषणा होती. सेनापती बापट पुढे होते. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यात वेस्टर्नची सगळी पटकथा तयार पडलेली आहे. पुष्कळशी जमीन पुण्यातल्या सावकारांकडे आणि जमीनमालकांकडे होती, कसणारे मावळे कुळं होते. भरपाई ठरली तशी मालकांना ती पुरेशी वाटू लागली आणि लढा दुभंगला. आपल्या आवडत्या गोष्टीत बिल्डर, गुंड आणि भोळा शेतकरी असे तिघे असतात. मुळशीत चौथा माणूस होता आणि तो पुण्यात राहत होता.

ही गोष्ट पडद्यावर यायला हवी, आणि ती डटनसारख्याच्या बाजूनं सांगून चालणार नाही. १९२४च्या अखेरीला बापटांनी साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि मग ते १९३१पर्यंत तुरुंगात राहिले. हा प्रसंग कुठल्याही दिग्दर्शकाला भुरळ घालेल: डोंगर, रूळ, वाफ, शस्त्रं घेतलेली मूठभर माणसं. तो घ्यावाच. पण सिनेमा त्याच्याभोवती उभा केला तर आपण पुन्हा शेवटच पाहत बसू. माझ्या मते त्याचा मुख्य प्रसंग सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या एखाद्या वाड्यात घडायला हवा. सावकार भरपाईचा आकडा वाचतो, सही करतो, आणि तीन पिढ्या ती खाचरं कसणारं कूळ ओसरीखाली उभं राहून ते ऐकतं. त्या कुळाची बायकोही तिथं असावी, कारण तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. असा प्रसंग अभ्यास असलेला मराठी पटकथाकारच लिहील. प्रसंग मोठ्या खर्चाचा नाही. रेल्वे महाग पडेल.

'ख्वाडा' करायला कऱ्हाडेंना स्वतःची जमीन विकावी लागली होती. मुळशीवरच्या सिनेमासाठी पुन्हा कुणा शेतकऱ्याच्या पोराला ती विकायला लागू नये, एवढी ऐपत पुण्यातल्या वेस्टर्नप्रेमींकडे नक्कीच आहे.