कोरी पुस्तिका

आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचा २००२चा अल्बम दोन रिकाम्या कंसांच्या नावाने ओळखला जातो. आतल्या आठ रचनांना शीर्षके नाहीत. सोबतची पुस्तिका कोरी आहे. आवाज आहे, पण तो कोणत्याही भाषेत गात नाही. अर्थ नसलेले ध्वनी तो एखाद्या वाद्यासारखे लावत जातो. शब्द ऐकणाऱ्याने लिहायचे. अनुवादकाला याहून अवघड काम कोणते?

वडील गेले त्या हिवाळ्यात झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये मी हा अल्बम रोज ऐकत होते. सांत्वनाचे फोन मराठीतून, हिंदीतून, पंजाबीतून येत. तिन्ही भाषांतली वाक्ये ठरलेली, माझी उत्तरेही ठरलेली. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला शब्द नकोसे झाले होते. हे संगीत काहीच सांगत नव्हते, म्हणून ते सोबत राहिले.

आता प्रश्न पडतो: ते दुःख संगीतात होते, की माझ्यातच? शंका रास्त आहे. ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने १९९४मध्ये रूढ केला, तो रॉकची वाद्ये रॉकबाहेरच्या कामाला लावणाऱ्या संगीतासाठी. पुढे त्याचाही साचा झाला. आधी एकटी गिटार, तिच्यावर थर, मग ड्रम, शेवटी सगळे एकदम उसळते. टेक्सासच्या एक्स्प्लोजन्स इन द स्काय या बँडचा २००३चा पाच रचनांचा अल्बम परवा पुन्हा ऐकला. सुंदर आहे, पण गहिवर कोणत्या मिनिटाला येणार हे आधीच कळते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या चित्रपटाला संगीत दिले, यात नवल नाही.

आपल्या कानाला हा चढ आलाप-जोड-झाल्यासारखा वाटतो. साम्य फसवे आहे. सतारीच्या आलापात पुढच्या स्वराची वाट पाहायची असते. एकेका स्वराने राग उलगडतो. इथे बहुधा सूर तेच राहतात, वाढतो तो नादाचा आकार आणि दाटपणा. आलाप पुढे नेतो. हे संगीत आहे तिथेच उभे करते. शोकातही नवे काही कळत नाही. तेच पुन्हा, अधिक मोठ्याने. या संगीताची ताकद मला इथे दिसते.

शब्द आले की ही पकड बदलते. अहमदाबादच्या ॲजवीकीपसर्चिंगच्या ‘ख्वाब’ (२०१५) आणि ‘झिया’ (२०१७) या अल्बममध्ये हिंदी ओळी वाद्यांच्या गर्दीत मिसळून येतात. ओळ कळली की माझ्यातली अनुवादक जागी होते आणि ऐकणारी मागे सरते. भावगीतावर वाढलेल्या आपल्यासारख्यांचा कान आधी शब्दाकडेच धावतो. त्यात त्या बँडचा दोष नाही.

सिगुर रोसची शेवटची रचना अकरा मिनिटांहून मोठी आहे. तिथेही ड्रम सुटतात, सगळे उसळते. या वेळी रडू आले नाही. लक्षात राहिली ती अल्बमच्या मधोमध ठेवलेली ३६ सेकंदांची शांतता. त्या हिवाळ्यात तिथे फोन वाजेल म्हणून मी पुढची रचना लावत असे. आता पूर्ण ऐकते.