इंजिनाचें बंधन आणि खेळाचें रूप

कवीला वृत्ताचें बंधन असतें, तसें अनेकांनीं मिळून खेळावयाच्या ऑनलाइन खेळाला त्याच्या इंजिनाचें असतें; मात्र खेळणारास तें सहसा दिसत नाहीं. आइसलंडच्या सीसीपी कंपनीनें २००३ सालीं आणलेला 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळयुद्धाचा खेळ या दृष्टीनें विचारांत घेण्याजोगा आहे. सर्व खेळाडूंस एकच विश्व द्यावें, हा कर्त्यांचा संकल्प. परंतु त्यांतील एका सूर्यमालेचा सारा हिशेब एकाच संगणक-प्रक्रियेवर चालतो. तो वांटून देतां येत नाहीं. हजारों खेळाडू एके ठिकाणीं भिडले कीं यंत्रणा थकते. म्हणून तेथील काळच मूळ गतीच्या दशांशापर्यंत मंद केला जातो. जानेवारी २०१४ मधील 'बी-आर५आरबी' येथील संग्राम असाच सुमारें २१ तास रेंगाळला.

रणांगणावर काळ मंद, बाहेर मात्र नेहमीचा. त्यामुळें दूरची कुमक वेळेवर पोंचते आणि अचानक छाप्याची धार बोथट होते. हा न्याय नियमकर्त्यांचा नव्हे, इंजिनाचा होय. आम्ही तो दोषच मानतों. तथापि विश्वाचे तुकडे पाडण्याची सोपी वाट कर्त्यांनीं धरली नाहीं. यतिभंग सोसूं, पण काव्य खंडित होऊं देणार नाहीं, अशी ही निवड आहे. आणि ती आम्हांस योग्य वाटते.