पंचवीस प्रश्नांचे इंग्रजी

नंदुरबार जिल्ह्यात सर्वांत मन लावून वाचला जाणारा इंग्रजी मजकूर कोणता, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे : स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका. इंग्रजी वर्तमानपत्र इथे मोजक्या घरांत येते, इंग्रजी कादंबरी त्याहून कमी घरांत. पण मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती शहाद्यापासून धडगावपर्यंतच्या अभ्यासिकांत हाताळून हाताळून मऊ पडलेल्या दिसतात. शब्दाशब्दाखाली रेघ, समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसावे तशी माणसे त्यांच्यासमोर बसतात. एवढी निष्ठा ज्या मजकुराच्या वाट्याला येते, त्याची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. चर्चा होते ती पेपर सोपा गेला की अवघड, एवढीच. हा मजकूर वाचणाऱ्याकडून काय मागतो, आणि जे मोजतो असे सांगतो ते खरोखर मोजतो का, हे प्रश्न पदवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवताना मला वर्षानुवर्षे पडत आले आहेत.

नमुन्यादाखल तलाठी भरतीची परीक्षा घेऊ. २०२३ साली ४,६४४ जागांसाठी जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात ५७ सत्रांत ही परीक्षा संगणकावर झाली. प्रश्न शंभर, गुण दोनशे. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी-अंकगणित यांचे प्रत्येकी पंचवीस प्रश्न. म्हणजे सातबाऱ्यावर नोंद घेणाऱ्या माणसाच्या निवडीत चौथा हिस्सा इंग्रजीचा. सातबारा मराठीत, आठ-अ मराठीत, फेरफार आणि पंचनामा मराठीत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभाराची भाषा मराठी ठरवून दिलेली. (तलाठ्याचे नावही आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे, आणि तेही मराठीच आहे.) तरीही इंग्रजी नकोच, अशी माझी भूमिका नाही. उच्च न्यायालयाचा आदेश इंग्रजीत येतो, संगणकावरची सूचना इंग्रजीत उमटते. ज्याला ती वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. माझा आक्षेप त्या पंचवीस प्रश्नांत कोणते इंग्रजी भरले आहे, याला आहे.

समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचाराचा अर्थ, शब्दसमूहासाठी एक शब्द, वाक्यातली चूक ओळखा, रिकामी जागा भरा, काळ बदला, प्रयोग बदला, आणि जमल्यास एखादा उतारा. ही यादी आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की इंग्रजीची परीक्षा म्हणजे हीच, असे वाटू लागते. प्रत्यक्षात तिच्यामागे भाषेविषयीची एक विशिष्ट समजूत आहे. भाषा म्हणजे सुट्या भागांची जुळणी, एकेक भाग वेगळा काढून तपासला की यंत्राची तपासणी पुरी झाली, ही ती समजूत. रॉबर्ट लाडो या अमेरिकी भाषावैज्ञानिकाच्या १९६१ मधील ‘लँग्वेज टेस्टिंग’ या ग्रंथाने तिला शास्त्राचे रूप दिले. पुढच्या दोन दशकांत तिच्यावर भरपूर टीका झाली आणि इतर देशांतल्या परीक्षा बऱ्याच बदलल्या. आपल्याकडे लाखो उत्तरे यंत्राने तपासायची असल्यामुळे ती समजूत टिकली. सोय हे तिच्या दीर्घायुष्याचे कारण आहे.

आधी शब्दसंग्रहाकडे पाहू, कारण खरी खोट तिथे आहे.

मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्क्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असे. बंगाली मुलांच्या द्वैभाषिकतेवर त्याने १९२६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याने विम्याच्या धंद्यातला एक शब्द वापरला आहे : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीआधी सोडली तर हाती जी रक्कम पडते ती. वेस्टचा प्रश्न असा होता, की बहुतेक मुले शाळा मध्येच सोडणार आहेत. मग त्यांनी ज्या दिवशी शाळा सोडली, त्या दिवशी त्यांच्या हाती इंग्रजीचे काय उरले? त्याचे उत्तर होते वाचन. बोलणे, लिहिणे अर्धवट राहिले तर फारसे कामाला येत नाही; पण थोडे जरी वाचता आले तरी ते आयुष्यभर पुरते. म्हणून सर्वांत जास्त वेळा भेटणारे शब्द आधी शिकवावेत, या हेतूने त्याने पुढे सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ तयार केली. ती १९५३ मध्ये छापून आली. सामान्य मजकुरातले साधारण ऐंशी टक्के शब्द एवढ्या यादीत सापडतात. सातपुड्यात शाळा मध्येच सुटणे ही काय चीज आहे, हे इथल्या शिक्षकाला सांगावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी ढाक्क्यात विचारलेला तो प्रश्न मला अक्राणी तालुक्यासाठीच विचारल्यासारखा वाटतो.

वेस्टचे हे सूत्र न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी चाचणीत उतरवले. त्यांची १९८३ ची शब्दपातळी चाचणी पायऱ्यापायऱ्यांची आहे : दोन हजारांची पायरी, तीन हजारांची, पाच हजारांची, विद्यापीठीय शब्दांची, दहा हजारांची. शिकणारा कोणत्या पायरीवर अडतो ते कळले की पुढे काय शिकवायचे तेही कळते. मजकूर कुणाच्या मदतीशिवाय समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. दर ओळीला एक शब्द अडला की वाचणे संपते आणि कोडे सोडवणे सुरू होते.

आता आपले पंचवीस प्रश्न घ्या. जाहिरातीनुसार भाषाविषयांचा दर्जा बारावीचा. पण समानार्थी शब्द विचारताना प्रश्नकर्त्याचा हात नेमका दुर्मिळ शब्दांकडे जातो. ‘गॅर्युलस’, ‘इफेमरल’, ‘ऑब्स्टिनेट’ या जातीचे शब्द. सोपा शब्द विचारला तर सगळ्यांनाच गुण मिळतील आणि उमेदवारांत फरक पडणार नाही, ही त्याची अडचण मला समजते. त्यातून होते काय, तर मुले शब्दांच्या याद्या पाठ करतात. धडगाव भागातला एक विद्यार्थी मला ‘गॅर्युलस’चे तीन प्रतिशब्द धडाधड सांगू शकला. त्याच आठवड्यात त्याने वडिलांसाठी आणलेल्या कीटकनाशकाच्या बाटलीवरचा इंग्रजी मजकूर मी त्याला वाचायला दिला. ‘फवारणीनंतर इतके दिवस पीक काढू नये’ अशा अर्थाचे ते वाक्य. त्यातला एकही शब्द दोन हजारांच्या बाहेरचा नव्हता. तो वाक्याच्या मध्यावर थांबला, पुन्हा सुरुवातीला गेला, मग म्हणाला, “सर, शब्द कळतात, पण वाक्य नाही कळत.” थोड्या वेळाने त्यानेच विचारले, “सर, ते गॅर्युलस इंग्रज लोक तरी वापरतात का हो?”

समानार्थी शब्दाचा प्रश्न केवळ ओळख तपासतो. शब्द कोणत्या शेजाऱ्यांबरोबर येतो, कुठे शोभतो, कुठे नाही, हे तिथे येत नाही. शिवाय चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तरी पंचवीसपैकी सरासरी सहा-सव्वासहा उत्तरे बरोबर येतात, म्हणजे साडेबारा गुण. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, तरी हिशोब करून पाहा : आंधळा अंदाज तिथेही किंचित फायद्यातच राहतो.

व्याकरणाची गोष्ट अधिक गमतीची आहे. आपल्या इंग्रजी व्याकरणावर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आणि ‘रेन अँड मार्टिन’ची सावली अजून आहे. यातला पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला अधिकारी, कराचीत मुख्याध्यापक होता. इंग्लंडात मात्र तो ‘बो जेस्ट’ या फ्रेंच परदेशी पलटणीवरच्या साहसकथेचा लेखक म्हणून ओळखला जातो. आपल्या चार पिढ्यांना प्रयोग बदलायला लावणारा माणूस वाळवंटातल्या लढायांच्या कादंबऱ्या लिहीत होता, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

तर प्रयोग. वर्गात ‘पॅसिव्ह व्हॉइस’ला सर्रास ‘कर्मणी प्रयोग’ म्हणतात. आता एकाच परीक्षेतल्या एकाच उमेदवाराची कल्पना करा. मराठीच्या पंचवीस प्रश्नांत ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य आले की त्याने कर्मणी असे उत्तर द्यायचे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते. पुढच्याच विभागात ‘राम एट अ मँगो’ आले की ॲक्टिव्ह, म्हणजे त्याच्या भाषेत कर्तरी, असे म्हणायचे. अर्थ तोच, नाव उलटे. मराठीत प्रयोग म्हणजे क्रियापदाचा मेळ कोणाशी, याचा विचार. इंग्रजीत वाक्याच्या केंद्रस्थानी कोण, याचा. इंग्रजी पॅसिव्हला जवळची रचना ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ ही, आणि आपल्या व्याकरणकारांनी तिला नवीन कर्मणी म्हणून वेगळे नावही दिले आहे. पण ते मराठीच्या पुस्तकात राहते, इंग्रजीच्या वर्गापर्यंत येत नाही. मराठी ‘ने’ दिसला की इंग्रजीत ‘बाय’ लावणारा विद्यार्थी मूर्ख नसतो. दोन व्याकरणांच्या सांध्यावर त्याला कोणी उभेच केलेले नसते. परीक्षा त्याची ही अडचण शोधू शकली असती. ती फक्त चूक मोजते, कारण विचारत नाही. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’चे तसेच. मराठीत ही उपपदे नाहीत, भिली-पावरीतही नाहीत. नियम पाठ करून दोन गुण मिळतात, पण ‘द’ वाचकाला काय सुचवतो, हे वाचनातूनच उमगते.

उताऱ्यावर मी थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच असतो. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मजकुरातला ठरावीक अंतरावरचा शब्द गाळून वाचनाचे मोजमाप करण्याची पद्धत मांडली. आपल्या शिकवणी वर्गांत तिला ‘क्लोज टेस्ट’ म्हणतात. मूळ पद्धतीत वाचकाने सगळ्या परिच्छेदाचा अर्थ धरून शब्द सुचवायचा होता. इथे प्रत्येक जागेखाली चार पर्याय असतात, त्यामुळे परिच्छेद न वाचता शेजारचे दोन शब्द पाहून काम भागते. वाचन मोजणारी एक चांगली युक्ती आपण पुन्हा रिकाम्या जागांच्या प्रश्नावर आणून ठेवली.

आणि आता मला सर्वांत अन्यायाची वाटते ती बाब. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर तीनशे गुणांचा असतो, पण त्यात २५ टक्के मिळाले की पुरे. ते गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत. पूर्वपरीक्षेतल्या इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांवरून २०१४ मध्ये दिल्लीत आंदोलन झाले, तेव्हा ते गुणही वगळले गेले. आपल्या राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत आली, तिथेही मराठी आणि इंग्रजी हे पेपर केवळ पात्रतेपुरते ठेवले आहेत. म्हणजे उपजिल्हाधिकाऱ्याला इंग्रजीचा उंबरठा ओलांडला की झाले, आणि तलाठ्याला मात्र प्रत्येक समानार्थी शब्दावर नोकरी जिंकावी किंवा गमवावी लागते. वरच्या खुर्चीला जे पुरेसे, ते खालच्या खुर्चीला अपुरे, याचे समर्थन मला कुठे वाचायला मिळालेले नाही. शिवाय ५७ सत्रांत शब्द वेगवेगळे. कुणाच्या वाट्याला ओळखीचा शब्द येतो, कुणाच्या वाट्याला नाही. ही तफावत संख्याशास्त्राने सारखी केली, तेव्हा दोनशेपैकी २१४ गुण मिळालेला उमेदवारही यादीत झळकला आणि राज्यभर हसे झाले. त्या हशात मूळ प्रश्न बुडाला. गणित चुकले की नाही, यावर सगळे बोलले. ज्याचे गणित मांडले ती वस्तू काय होती, यावर कोणी नाही.

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्णपणे आणि शहादा, नंदुरबार अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने या क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक यांसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. त्यामागचा हेतू उघड आहे : गावाची भाषा जाणणारा माणूस गावात असावा. पण परीक्षेत भिली, पावरी, मावची यांचा एकही प्रश्न नाही. तोरणमाळच्या पठारावर म्हातारीची वारसनोंद घेताना ज्या भाषेची गरज पडणार, ती शून्य गुणांची. ‘गॅर्युलस’ दोन गुणांचा. ज्या जिल्ह्यातल्या वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने भिलीला मराठी कवितेच्या दारात आणून उभे केले, तिथली ही स्थिती.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडत आहेत, आणि त्यांतली कित्येक वयोमर्यादेकडे डोळे लावून याच अभ्यासिकांत बसली आहेत. घरी पावरी, शाळेत मराठी, परीक्षेत इंग्रजी, असा त्यांचा तिहेरी प्रवास. गेली काही वर्षे मी माझ्या वर्गात वेगळ्या तऱ्हेची चाचणी घेतो. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, बँकेचा अर्ज, सरकारी रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारा कागद असा काहीतरी इंग्रजी मजकूर देतो आणि प्रश्न मराठीत विचारतो; उत्तरही मराठीत किंवा पावरीत चालते. गोळी जेवणाआधी की नंतर? पुन्हा कधी यायचे? कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे? सराव चाचण्यांत मागे पडणारी काही मुले इथे पुढे जातात, विशेषतः घरचे आजारपण ज्यांनी निस्तरले आहे त्या मुली. याद्या पाठ असणारे काही जण अडतात आणि रागावतात. त्यांच्या रागात तथ्य आहे. “सर, हे परीक्षेला येणार का?” असे ते विचारतात, आणि सध्या तरी त्याचे उत्तर नाही असेच आहे. मग आम्ही पुन्हा जुन्या प्रश्नपत्रिकांची चळत उघडतो, आणि ज्या मुलीने डिस्चार्जचा कागद घडाघडा उलगडून सांगितलेला असतो, ती वहीत ‘इफेमरल : क्षणभंगुर’ असे लिहून त्याखाली रेघ मारते.