चिनी भाषेचें मोजमाप

एखाद्या परीक्षेच्या प्रमाणपुस्तिकेस ग्रंथ मानून तिचें परीक्षण करावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या पुस्तिकेच्या आधारें परभाषिकांना चिनी भाषा शिकविली जाते, पाठ्यपुस्तकें रचिलीं जातात आणि विद्यापीठाचा दरवाजा कोणासाठीं उघडावा याचा निर्णय होतो, ती पुस्तिका वाङ्मय नसली तरी भाषेविषयींचें एक मत खचित आहे. आणि मत म्हटलें कीं तें तपासून घेणें हें टीकेच्या कक्षेंत येतेंच. चीनच्या शिक्षणखात्यानें व राजभाषा-मंडळानें सिद्ध केलेलें, १ जुलै २०२१ पासून अमलांत आलेलें, चिनी भाषेंतील प्रावीण्याच्या श्रेणी ठरविणारें प्रमाण हें याच जातीचें पुस्तक होय.

चिनी लोकांच्या कोणत्याहि परीक्षेची गोष्ट निघाली कीं जुन्या राजपरीक्षांची आठवण काढण्याची आपल्या लेखकांना संवय आहे. सुई राजवटीपासून चालत आलेली ती पद्धति १९०५ सालीं बंद झाली. तिचा हेतु राज्यकारभारासाठीं आपल्याच देशांतील विद्वान निवडण्याचा होता. प्रस्तुत परीक्षेचा हेतु परक्यांना आपली भाषा कितपत आली हें पाहण्याचा आहे. दोहोंत साम्य एवढेंच कीं दोन्ही परीक्षा चीनमध्यें निघाल्या. ही उपमा येथेंच सोडून देऊं.

या परीक्षेचें नांव ‘हान्यू श्वेइपिङ् खाओशी’, म्हणजे चिनी भाषेच्या पातळीची परीक्षा, एच्. एस्. के. हें तिचें जगभर रूढ झालेलें लघुरूप. पेकिंग येथील भाषा-संस्थेंत १९८४ सालीं तिची आंखणी सुरू झाली; १९९० सालीं ती देशांत आणि पुढल्याच वर्षीं देशाबाहेर रीतसर घेण्यांत येऊं लागली. त्या जुन्या परीक्षेच्या अकरा श्रेणी होत्या. २०१० च्या सुमारास तिची पुनर्रचना होऊन अकराच्या सहा झाल्या आणि प्रत्येक श्रेणीस शब्दसंख्या नेमून देण्यांत आली: १५०, ३००, ६००, १२००, २५०० आणि ५०००. हे आंकडे वाचकानें एकदां मोठ्यानें म्हणून पाहावे. प्रत्येक पायरी आधल्या पायरीच्या दुप्पट, किंवा जवळजवळ दुप्पट! भाषा शिकणाऱ्याचें ज्ञान अशा पाढ्यानें वाढतें असें कोणाहि शिक्षकाच्या अनुभवास आलें नसेल. हा क्रम वर्गाच्या खोलींत सुचलेला दिसत नाहीं. तो कचेरींतील मेजावर सुचला असावा.

एवढ्यावर थांबतें तरी चाललें असतें. पण या सहा श्रेणी युरोपांतील भाषाशिक्षणाच्या सहा श्रेणींशीं एकास एक जुळतात, असेंहि परीक्षेच्या चालकांनीं जाहीर केलें. याचा अर्थ असा झाला कीं, पांच हजार शब्द जाणणारा मनुष्य चिनी भाषेच्या अत्युच्च पायरीस पोंचला. बहुतेक सारें बोलणें व लिहिणें त्याला सहज समजतें, आणि अर्थाच्या बारीक छटा तो अचूक प्रकट करूं शकतो! जर्मनींतील व फ्रान्समधील चिनीच्या शिक्षकांच्या संघटनांनीं ही बरोबरी मान्य केली नाहीं. त्यांच्या मतें सहाव्या श्रेणीचें खरें स्थान बरेंच खालीं होतें. चिनी वर्तमानपत्र उघडून बसलेला कोणीहि विद्यार्थी त्यांच्याच बाजूनें साक्ष देईल. येथें दोष परीक्षेच्या सोपेपणाचा नाहीं. परीक्षा सोपी असण्यांत पाप नाहीं. सोप्या परीक्षेला मोठें नांव देण्यांत आहे. त्या नांवावर विसंबून जो तरुण चिनी विद्यापीठाच्या व्याख्यानगृहांत जाऊन बसतो, त्याचें वर्ष फुकट जातें, चालकांचें नव्हे.

त्याहून मोठी उणीव बोलण्याची. जुन्या परीक्षेच्या वरिष्ठ श्रेणींत निबंध आणि संभाषण हीं दोन्ही होतीं. २०१० च्या रचनेंत संभाषणाची परीक्षा वेगळी काढून तिला निराळें नांव व निराळें प्रमाणपत्र देण्यांत आलें. ऐकणें, वाचणें व लिहिणें एवढ्यावर सहावी श्रेणी मिळूं लागली. म्हणजे तोंडांतून एक अक्षर न काढतां चिनी भाषेचें श्रेष्ठ प्रमाणपत्र घरीं आणतां येई. इतर भाषांच्या बाबतींत ही गोष्ट कदाचित् क्षम्य ठरेल. पण चिनी भाषेंत ‘माइ’ हा उच्चार तिसऱ्या सुरांत केला तर ‘विकत घेणें’ आणि चौथ्या सुरांत केला तर ‘विकणें’ असा अर्थ होतो. बाजारांत उभा राहिलेला मनुष्य गिऱ्हाईक आहे कीं दुकानदार, हें केवळ सुरावरून कळावयाचें. अशा भाषेंत जिभेची कसोटी ऐच्छिक ठेवणें म्हणजे गायनाची परीक्षा स्वरलिपीच्या कागदावर घेण्यासारखें आहे.

त्या सहाव्या श्रेणीच्या प्रश्नपत्रिकेविषयीं मात्र दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण एकाच पत्रिकेंत परीक्षकाची उत्तम आणि अधम अशी दोन्ही बुद्धि क्वचितच इतकी शेजारीं बसलेली आढळते. वाचनाच्या पहिल्या भागांत चार चार वाक्यें देऊन त्यांतलें सदोष वाक्य ओळखावयास सांगत, असे दहा प्रश्न. वाक्यें लांबलचक, दोष सुईच्या अग्राएवढा; कधीं कर्ता हरवलेला, कधीं एकाच अर्थाचे दोन शब्द लागलेले. हे प्रश्न चिनी शाळांतील मुलांना घालावयाच्या प्रश्नांच्या जातीचे आहेत. परक्याला यांतून भाषा येते असें नाहीं. युक्त्या तेवढ्या येतात, आणि त्या शिकविणारांचा धंदा चांगला चालतो.

उलट लेखनाचा प्रश्न पाहा. सुमारें एक हजार अक्षरांची एक गोष्ट द्यावयाची, ती वाचण्यास दहा मिनिटें, मग कागद काढून घ्यावयाचा, आणि पस्तीस मिनिटांत तीच गोष्ट सुमारें चारशें अक्षरांत, आपलें मत न घालतां, लिहावयास सांगावयाची. केवढी सरळ आणि केवढी कठीण कसोटी! वाचलेलें समजलें किती, लक्षांत राहिलें किती, काय गाळावें याचा विवेक किती आणि शब्द हाताशीं आहेत किती, हें सारें एका पानावर उघडें पडतें. येथें पाठ केलेली शब्दसूची फारशी कामास येत नाहीं. माझ्या मतें त्या साऱ्या परीक्षेंत भाषेची परीक्षा म्हणावी अशी जागा हीच.

शब्दसूचीचा प्रश्न जरा खोल आहे. चिनी लिपींत दोन शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत. त्यामुळें शब्द कोठें संपला याविषयीं पंडितांतहि एकमत होत नाहीं. मग मोजावयाचें काय? ‘ता’ हें क्रियापद घ्या. त्याचा मूळ अर्थ मारणें, ठोकणें. पण चिनी मनुष्य चेंडू ‘मारतो’ म्हणजे खेळतो, दूरध्वनि ‘मारतो’ म्हणजे करतो, पाणी ‘मारतो’ म्हणजे भरून आणतो. सूचींत हा एक शब्द धरावा कीं चार? मराठी वाचकाला यांत नवल वाटूं नये. आपण हांक मारतों, उडी मारतों, गप्पा मारतों, शिक्का मारतों, आणि यांत कोणालाहि इजा होत नाहीं. इंग्रजीच्या द्वारें चिनी शिकणाराला जेथें तीन निरनिराळे शब्द पाठ करावे लागतात, तेथें मराठी विद्यार्थ्याला एकाच क्रियापदाचा ओळखीचा स्वभाव दिसला असता. पण आपला विद्यार्थीहि इंग्रजी अर्थ छापलेली सूची घेऊन बसतो आणि ही ओळख गमावतो.

आतां २०२१ चें प्रमाण. त्यांत तीन टप्पे व नऊ श्रेणी आहेत, आणि मागील चुकांची जाणीव ठिकठिकाणीं दिसते. केवळ शब्द न मोजतां उच्चार, अक्षरें, शब्द व व्याकरण अशा चार निरनिराळ्या याद्या दिल्या आहेत: १११० उच्चार, ३००० अक्षरें, ११,०९२ शब्द आणि व्याकरणाचे ५७२ मुद्दे. पहिल्याच श्रेणीस पूर्वीच्या १५० च्या जागीं ५०० शब्द आले. पांच हजारांत प्रावीण्य संपतें हा भ्रम येथें मुकाट्यानें टाकून दिला आहे. चूक झाली असें म्हणण्याचा प्रघात अशा पुस्तकांत नसतोच.

सर्वांत प्रामाणिक पान हस्ताक्षराच्या यादीचें. तीन हजार अक्षरें वाचतां यावीं, परंतु हातानें लिहितां यावीं तीं बाराशेंच, असें प्रमाणकारांनीं स्पष्ट सांगितलें आहे. संगणकावर रोमन लिपींत उच्चार टंकून पुढें आलेल्या अक्षरांतून हवें तें निवडण्याची संवय झाल्यावर हात अक्षरें विसरतो, ही तक्रार खुद्द चिनी लोकांचीहि आहे. ज्या संस्कृतीनें लेखणीला कलेचें पद दिलें, तिनें परक्यासाठीं हा आंकडा छापतांना थोडें दुःख गिळलें असेल. तरी जें व्यवहारांत नाहीं तें परीक्षेंत आहे असें दाखविण्यापेक्षां हें शतपटीनें बरें.

ऐकणें, बोलणें, वाचणें, लिहिणें या चौघांच्या जोडीला चौथ्या श्रेणीपासून भाषांतर हें पांचवें अंग जोडलें, याचेंहि मी स्वागत करतों. सातव्यापासून नवव्यापर्यंतच्या श्रेणींची एकच परीक्षा २०२२ च्या नोव्हेंबरांत प्रथम झाली. तींत भाषांतर आहे आणि संभाषणहि परत आलें आहे. अडचण एवढीच कीं, ज्या थोड्या भाषांतून चिनींत भाषांतर करावयास देतात त्यांत इंग्रजी आहे, मराठी नाहीं. आपल्याकडील उमेदवाराची परीक्षा चिनीची होतांना इंग्रजीचीहि होऊन जाते, आणि गुण कोणत्या भाषेंत गेले हें त्याला कोणी सांगत नाहीं.

या सर्व मोजमापाच्या बाहेर जें राहतें तेंहि पाहिलें पाहिजे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले आणि रुग्णांच्या व विद्यार्थ्यांच्या संगतींत चिनी शिकले. १९४२ सालीं ते तेथेंच वारले. पुण्याचे पु. वि. बापट यांनीं सहाव्या शतकांतील चिनी भाषांतराच्या रूपानें उरलेला ‘विमुत्तिमग्ग’ वाचून ‘विसुद्धिमग्गा’शीं त्याची तुलना केली आणि तो ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. एकाची चिनी रुग्णशय्येशेजारची, दुसऱ्याची चौदाशें वर्षांपूर्वींची. आधुनिक नागरी व्यवहाराची भाषा हें ज्या प्रमाणाचें केंद्र, त्यांत पहिलीला थोडी जागा मिळेल, दुसरीला जवळजवळ नाहींच. बौद्ध ग्रंथांसाठीं चिनीकडे वळणाऱ्या आपल्या अभ्यासकानें म्हणूनच या श्रेणींच्या मागें फार काळ लागूं नये. व्याकरणाचे ५७२ मुद्दे मात्र त्यानेंहि उदाहरणांसह वाचून काढावेत. त्या पुस्तकांतील सर्वांत कसून केलेलें काम तेंच आहे, आणि मराठींत तसें अद्याप कोणी केलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.