कवच आणि स्तोत्र : एक्याण्णवाव्या स्तोत्राचे एक वाचन

मराठी बायबलात ‘तेहिल्लीम’ या हिब्रू गीतसंग्रहाला ‘स्तोत्रसंहिता’ हे नाव मिळाले, ही केवळ भाषांतराच्या सोयीची बाब मानता येत नाही. मूळ शब्दाचा अर्थ ‘स्तवने’ असा असल्याने निवड गैर नव्हती. तथापि मराठी घरात ‘स्तोत्र’ हा शब्द उच्चारला की त्यापाठोपाठ दिवेलागणीची रामरक्षा, देवीकवच, पाठाची ठरलेली संख्या आणि फलश्रुती हे सारे येते. नाव देणे ही येथे वाचनाचीच पहिली कृती ठरते. मराठी ख्रिस्ती वाचकाच्या हाती काव्याबरोबर त्याचा प्रकारसंकेतही ठेवला गेला. आजारपणात, प्रवासापूर्वी, रात्री निजताना ज्याची प्रार्थना केली जाते त्या एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या बाबतीत हा संकेत विशेष बळाने कार्य करतो.

कवच म्हणून होणारे हे वाचन मराठी मातीनेच घडवले, असे मात्र नव्हे. कुमरान येथील एका गुंडाळीत हे स्तोत्र भूतबाधानिवारक रचनांच्या सोबतीने आढळते. तालमूदच्या परंपरेत त्याला अरिष्टनिवारणाचे गीत म्हटले आहे. ग्रीक भाषिक ख्रिस्ती लोकांनी त्याच्या ओळी ताइतांवर लिहिल्या. ‘शुद्ध’ स्तोत्र आणि त्याचा ‘लौकिक’ विपर्यास अशी सोपी विभागणी करणाऱ्या समीक्षकाला हा इतिहास अडचणीचा आहे.

प्रश्न संहितेच्या घडणीचा आहे. बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेल्या रामरक्षेतील कवचभाग शरीराच्या क्रमाने चालतो : मस्तक, भाळ, नेत्र, कान असे करीत तो पायांपर्यंत येतो आणि प्रत्येक अवयवावर रामाचे एक नाव ठेवतो. (याच रामरक्षेचा उत्तरभाग संरक्षण विसरून निखळ रूपध्यानात रमतो, हे तिला केवळ ‘मंत्र’ समजणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.) एक्याण्णवावे स्तोत्र शरीराची यादी करीत नाही; ते प्रहरांची यादी करते. रात्रीचे भय, दिवसा सुटणारा बाण, काळोखात फिरणारी मरी, भर दुपारचा संहार : चोवीस तासांतील एकही घटिका निर्धोक नाही, असे सांगूनच ते धीर देऊ लागते. धोक्यात सापडलेला असा एकच अवयव ते नावाने घेते, आणि तो म्हणजे दगडाला ठेचाळू शकणारे पाऊल. कवच स्थिर देहाभोवती विणले जाते. येथे चालणारा माणूस गृहीत आहे.

याहून महत्त्वाचे आहे ते उक्तिस्थानांतर. सोळा कडव्यांच्या या रचनेत तीन आवाज आहेत. आरंभी आश्रयाला आलेला भक्त आपला विश्वास प्रथमपुरुषी उच्चारतो. तिसऱ्या कडव्यापासून कोणीतरी त्याला ‘तू’ म्हणून संबोधते आणि आश्वासनांची सरबत्ती करते. शेवटच्या तीन कडव्यांत देव स्वतः बोलतो. पण तो भक्ताशी बोलत नाही, भक्ताविषयी बोलतो. ‘तुला काहीही होणार नाही’ ही सर्वांत निरपवाद वचने मधल्या, मानवी आवाजाची आहेत. देवाच्या मुखी आल्यावर त्यांचे स्वरूप पालटते. हाक मारल्यास उत्तर देईन, संकटात त्याच्यापाशी असेन, त्याला सोडवीन, असा तेथील क्रम आहे. संकट येणार, हे देवाच्या बोलण्यात गृहीत आहे. मधला आवाज ते जवळपासही येऊ देत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी घ्यायला सांगतो तेव्हा याच मधल्या भागातील देवदूतांचे वचन तो आधाराला घेतो. स्तोत्राला हमीपत्र समजणारा वाचक बायबलमध्येच आहे, आणि तो कोण आहे हेही तेथेच सांगितले आहे.

हे वाचन एका विशिष्ट भूमीवर ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. एकोणिसाव्या शतकात जुन्नर हे चर्च मिशनरी सोसायटीचे एक ठाणे होते. म्हणजे स्तोत्रसंहिता ज्या परिसरात आली तेथे ओझरचा विघ्नहर, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि रानातला वाघोबा आधीच नांदत होते. पश्चिमेकडील महादेव कोळी वस्त्यांतली वाघबारस ही या दृष्टीने बोलकी आहे. तेथे ज्याचे भय त्यालाच देव मानून नैवेद्य दाखविला जातो. रक्षण हा एक करार असतो. स्तोत्रातील भक्त सिंह आणि सर्प यांना तुडवीत जातो. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या आडोशाने बिबट्या अंगणापर्यंत आला, आणि २००१ नंतरच्या काही वर्षांत हल्ले इतके वाढले की माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची गरज भासली. अशा तालुक्यात ‘रात्रीचे भय’ हे रूपक म्हणून वाचता येत नाही. वाघोबाचा करार श्वापदाला त्याची जागा ठेवतो. स्तोत्राचा विजयोन्माद ती ठेवत नाही. या मुद्द्यावर सह्याद्रीतील समज अधिक प्रौढ वाटते.

परंतु स्तोत्राची खरी कसोटी आंबेगाव तालुक्यात, माळीण येथे लागते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीने डोंगराचा कडा सुटला आणि गाव गाडले गेले. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. माळीणचे रहिवासी हे स्तोत्राचे वाचक नव्हते. येथे कसोटी त्यांच्या श्रद्धेची नसून संहितेची आहे. तुझ्या बाजूला हजार पडतील पण ते तुझ्याजवळ येणार नाही, असे सातवे कडवे म्हणते, आणि आठवे कडवे त्या पडलेल्यांना दुर्जन ठरविते. डोंगराखाली झोपेत गाडल्या गेलेल्या मुलांविषयी हे कोण म्हणू शकेल? वाचलेल्याने सातवे कडवे कृतज्ञतेने म्हटले तरी आठवे त्याच्या घशात अडकते. पुढे आमडे येथे नवे गाव वसविले गेले, २०१७ मध्ये घरे ताब्यात दिली गेली. संरक्षणाची एक लौकिक भाषा त्यात उमटली. तिने स्तोत्राचा प्रश्न सुटत नाही.

या ठिकाणी मराठीतील दुसरी एक परंपरा कवचापेक्षा जवळची ठरते. तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी म्हणून जुन्नर तालुक्यातील ओतूर दाखविले जाते. दुष्काळात पत्नी आणि मूल गमावलेल्या तुकारामांची कविता अभयाची फलश्रुती सांगत नाही. ती देवाला जाब विचारते आणि तरीही त्याची संगत सोडत नाही. पुणे जिल्ह्यातच, केडगावला, बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण करून १९२२ मध्ये निधन पावलेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरणही येथे आठवावे. पुराणकथनावर जगणाऱ्या घरात त्या वाढल्या; आईवडील आणि बहीण त्यांनी उपासमारीच्या दिवसांत गमावली; दुष्काळातल्या मुलींना पुढे त्यांनीच आश्रय दिला. पाठाचे सामर्थ्य आणि पाठानेही न टळलेला मृत्यू, दोन्ही ठाऊक असलेली व्यक्ती या ओळी मराठीत आणीत होती. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीचा त्यांचा आग्रह केवळ शैलीचा म्हणून सोडून देता येत नाही.

देवाचा आवाज ऐकून स्तोत्र वाचले तर कवचाचा संकेत सैल होतो, पण सर्व अडचणी दूर होत नाहीत. शेवटचे कडवे दीर्घायुष्याचे वचन देते आणि तेही देवाच्याच मुखी आहे. ‘सोबत’ हा शब्द पुढे करून ते झाकून टाकणारे भाष्यकार संहितेशी प्रामाणिक राहत नाहीत. मेलेल्यांविषयी हे वचन उच्चारता येत नाही. ते उच्चारता येते आजाऱ्याच्या उशाशी बसून, उसाच्या रानाकडेच्या घरात मूल निजवताना. म्हणजे मधल्या आवाजाच्या जागी उभे राहून, जेथे एक माणूस दुसऱ्याला, आपल्या हाती नसलेली गोष्ट ‘तू’ म्हणून सांगत असतो.